पाटी लागण्यापूर्वी

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी माझी पुतणी आपल्या बालमैत्रिणीला घेऊन आमच्या घरी आली. तिच्या हातात एक सुबक खोके होते. पिवळ्या रंगावर तपकिरी अक्षरांत एक नाव छापलेले आणि खाली हळदीच्या पानांचे चित्र. सांगली परिसरातील शेतकऱ्यांकडून हळकुंडे घ्यायची, ती निवडून दळायची आणि शुद्ध हळदपूड आपल्या नावाने विकायची, असा दोघींचा संकल्प होता. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही माहितीही त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितली. गुढीपाडव्याचा मुहूर्त ठरला होता, पाटीचा रंगसुद्धा ठरला होता.

"काका, तुम्ही बँकेत होता. आम्हाला एवढंच सांगा, नोंदणी कुठे आणि कशी करायची?" पुतणीने विचारले.

मी म्हणालो, "नोंदणी अवघड नाही, ती शेवटी करू. आधी एक सांग. उद्या तुझं लग्न होऊन तू पुण्याला गेलीस, तर हे नाव कोणाचं?"

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. मग हसणे थांबले. पुतणीची मैत्रीण खोके हातात फिरवत गप्प बसली. घरातील ज्येष्ठाने शुभकार्याच्या आरंभी असा अभद्र प्रश्न विचारावा, याचे आश्चर्य दोघींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. परंतु बँकेतील पस्तीसहून अधिक वर्षांच्या नोकरीत अनेक उद्योग उभे राहताना आणि काही मोडताना मी पाहिले आहेत. त्यांतील पुष्कळसे बाजार नव्हता म्हणून मोडले नाहीत. आरंभीच विचारायला हवा होता तो प्रश्न संकोचापोटी कोणीच विचारला नाही, म्हणून मोडले. त्यांपैकी एक माझ्या स्वतःच्या घरातील होता.

पाटल्यांची गोष्ट

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्यांचे तालुक्याच्या गावी एका मित्राबरोबर भागीदारीत कापडाचे दुकान होते. त्या मित्राला आम्ही तात्या म्हणत असू. सतरा वर्षे दोघांनी एका गादीवर बसून व्यवहार केला. रोजकीर्द आणि खतावणी नेटकी होती, दिवाळीला वहीपूजन होई, गिऱ्हाइकांची उधारी पैशापैशापर्यंत लिहिलेली असे. लिहिलेले नव्हते ते एकच, या दोघांमध्ये काय ठरले आहे ते. भागीदारीचा करारनामा कधी झालाच नाही. "आमच्यात कागद कशाला?" हे वाक्य दोघेही अभिमानाने उच्चारीत.

१९७५ साली, मी दहावीत असताना, अण्णा हृदयविकाराने अचानक गेले. दुःखाचे दिवस सरल्यावर हिशेबाचा प्रश्न आला. काही वर्षांपूर्वी दुकान वाढवताना आईने आपल्या पाटल्या मोडून पैसे दिले होते. ती रक्कम वहीत अण्णांच्या नावे जमा होती, पण भांडवल म्हणून की उसनवार म्हणून, याचा उल्लेख नव्हता. आई म्हणे, "माझ्या पाटल्या दुकानात आहेत." तात्या म्हणत, "वहिनी, ती रक्कम उसनी होती. अण्णांनी घरखर्चासाठी वेळोवेळी जी उचल केली, तिच्यात ती फिटली." आज इतक्या वर्षांनी सांगतो, दोघेही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाला जे आठवत होते, ते तो प्रामाणिकपणे सांगत होता. गावातील चार वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून एक आकडा ठरवला. आईला तो कमी वाटला, तात्यांना जास्त वाटला. पैसे मिळाले, पण दोन घरांमधले येणे-जाणे थांबले ते कायमचे. तात्यांची मुले आणि आम्ही एका अंगणात वाढलो होतो. पुढे एकमेकांच्या लग्नालाही गेलो नाही.

काही वर्षांनी वाणिज्य शाखेत शिकत असताना भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ माझ्या हाती आला. कलम ३७ वाचताना मी थबकलो. भागीदाराच्या मृत्यूनंतर हिशेब न मिटवता उरलेल्या भागीदारांनी व्यवसाय चालू ठेवला, तर मृताच्या वारसांना त्याच्या हिश्शाच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा त्या हिश्शावर दर साल सहा टक्के व्याज, यांपैकी एक मागता येते, असे त्यात आहे. आईच्या बाजूने कायदा होता. परंतु हिस्सा किती, हे दाखवणारा कागदच नसेल तर कायदा तरी सहा टक्के कशावर मोजणार?

ही हकिगत मी त्या दोघींना सांगितली. मग आम्ही वही-पेन घेऊन बसलो.

आधी आकडेमोड

व्यवसायाची पूर्वतयारी म्हणजे प्रथम स्वतःशी केलेला प्रामाणिक हिशेब होय. कर्जाच्या प्रस्तावासाठी प्रकल्प अहवाल करावाच लागतो, परंतु बँकेला दाखवण्यासाठी सजवलेला अहवाल आणि स्वतःला उमगलेला अहवाल यांत अंतर असते. मी दोघींना कागदावर तीनच प्रश्न लिहायला लावले. यंत्रे व जागेसाठी एकदाच किती पैसा लागेल? दरमहा न चुकणारा खर्च किती? आणि माल विकल्यापासून पैसे हातात येईपर्यंत किती दिवस जातील?

तिसरा प्रश्न नवउद्योजक हमखास विसरतात. हळदीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. नवी हळद बाजारात साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून येऊ लागते आणि पूड मात्र वर्षभर विकायची असते. शेतकऱ्याला किंवा अडत्याला पैसे लगेच द्यावे लागतात, दुकानदार मात्र महिना-दीड महिना उधारी मागतो. या दोन टोकांच्या मध्ये जो पैसा अडकून पडतो, ते खेळते भांडवल. कागदावर नफ्यात असलेले उद्योग या खेळत्या भांडवलाच्या अभावी बंद पडलेले मी पाहिले आहेत.

बँकांमध्ये लघुउद्योगांसाठी नायक समितीची एक सोपी पद्धत रूढ आहे. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळते भांडवल लागेल असे धरतात. त्यांतील २० टक्के बँक देते आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतः घालायचे असतात. दोघींनी महिन्याला दोन लाखांची विक्री, म्हणजे वर्षाला २४ लाखांची उलाढाल गृहीत धरली. त्याचे २५ टक्के म्हणजे ६ लाख. पैकी ४ लाख ८० हजार बँकेकडून आणि १ लाख २० हजार स्वतःचे. दळणयंत्र व पॅकिंगच्या साधनांना ४ लाख, अनामत, वेष्टने व नोंदणीच्या खर्चाला १ लाख आणि अडीअडचणीसाठी ८० हजार. म्हणजे स्वतःचे ७ लाख हाताशी हवेत.

हा आकडा पाहून दोघी गंभीर झाल्या. त्यांनी मुळात ४ लाखांत सर्व बसवले होते, कारण खेळत्या भांडवलाचा रकानाच त्यांच्या कागदावर नव्हता. शिवाय ६ लाखांत वर्षभराची हळकुंडे साठवता येणार नाहीत, हेही त्यांच्या ध्यानात आले. पहिल्या वर्षी तीन-चार महिन्यांपुरताच माल घ्यायचा, असा विवेकी निर्णय तेथेच झाला. कर्जाची गरज ४ लाख ८० हजारांची असल्याने ती मुद्रा योजनेतील किशोर गटात बसत होती. ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण, अशी ही रचना आहे.

व्यवसायाचा देह कोणता?

त्यानंतर प्रश्न आला तो व्यवसायाच्या कायदेशीर स्वरूपाचा. अनेकांना वाटते, कंपनी म्हटले की प्रतिष्ठा वाढते. परंतु वस्त्र मापाचे असावे, नात्यातील श्रीमंताने शिवले तसे नसावे.

एकट्याने व्यवसाय करायचा असेल तर एकल मालकी सर्वांत सुटसुटीत. तिच्यासाठी वेगळा पॅन लागत नाही. व्यवसाय आणि मालक कायद्याच्या दृष्टीने एकच. त्यामुळे धंद्याचे कर्ज हे मालकाच्या घरादाराचेही कर्ज ठरते. एकट्यालाच मर्यादित जबाबदारी हवी असेल तर कंपनी कायदा, २०१३ ने एकव्यक्ती कंपनीची सोय केली आहे.

दोघे किंवा अधिक जण असतील तर भागीदारी संस्था, मर्यादित दायित्व भागीदारी म्हणजे एलएलपी, किंवा खासगी मर्यादित कंपनी असे मार्ग आहेत. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदार संस्थेच्या संपूर्ण देण्याला वैयक्तिकरीत्या बांधील असतो. आपला हिस्सा निम्मा म्हणून देणेही निम्मे, असे होत नाही. २००८ च्या कायद्याने आलेल्या एलएलपीत ही जबाबदारी सामान्यतः ठरलेल्या भांडवलापुरती राहते, मात्र उलाढाल असो वा नसो, दरवर्षी विवरणपत्रे भरावीच लागतात. खासगी कंपनीला किमान दोन भागधारक व दोन संचालक लागतात, लेखापरीक्षण आवश्यक असते आणि अनुपालनाचा खर्चही अधिक असतो. मोठी गुंतवणूक आणायची असेल तेव्हा तो खर्च सार्थकी लागतो.

व्यवसाय वाढला की त्याचे स्वरूपही बदलता येते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेण्यापासून आरंभ केला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी पुढे, १९१९ साली आली. आधी विश्वासू सोबती आणि चोख काम, मग मोठा देह, हा क्रम त्यांच्याही चरित्रात दिसतो.

दोघींनी नोंदणीकृत भागीदारी निवडली. उधारीवर मोठी खरेदी करायची नाही, हा निर्धार असल्याने जोखीम आटोक्यात होती. उलाढाल वाढल्यावर एलएलपीत रूपांतर करण्याचा मार्ग मोकळा राहतोच.

करारनाम्यात काय असावे?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. भागीदारीचा कायदा मोठा समंजस आहे. तुम्ही काही ठरवले नसेल तर तो तुमच्या वतीने ठरवतो. परंतु त्याने ठरवलेले तुम्हाला रुचेलच असे नाही. करारात काही म्हटले नसेल तर नफा-तोटा समसमान वाटला जातो, मग भांडवल कोणाचे कितीही असो. करारात नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मिळत नाही, मग एकाने दिवसभर राबावे आणि दुसऱ्याने सायंकाळी डोकावून जावे. मतभेद झाल्यास दैनंदिन बाबी बहुमताने ठरवाव्यात, असे कायदा सांगतो. पण दोघांच्याच भागीदारीत बहुमत कोठून आणायचे?

या दोघींची स्थिती नेमकी अशीच होती. पुतणी पूर्णवेळ काम करणार होती. मैत्रीण शाळेत शिक्षिका, ती सुटीच्या दिवशी आणि सायंकाळी येणार होती. माझा धाकटा भाऊ मुलीला ५ लाख देणार होता. मैत्रिणीकडून २ लाख आणि तिच्या आजोबांची रिकामी खोली मिळणार होती. मी भावाला फोनवर विचारले, "हे ५ लाख तू मुलीला बक्षीस देतोस, संस्थेला कर्ज देतोस की भांडवल म्हणून घालतोस?" तो म्हणाला, "दादा, पोरीला देतोय. त्यात काय एवढं?" क्षणभर मला आईचा आवाज ऐकू आला. माझ्या पाटल्या दुकानात आहेत.

बऱ्याच चर्चेनंतर पुढीलप्रमाणे ठरले. भांडवल दोघींचे सारखे, प्रत्येकी २ लाख. भावाचे उरलेले ३ लाख हे संस्थेला दिलेले कर्ज, त्याचा व्याजदर आणि परतफेडीची मुदत लिखित. आजोबांच्या खोलीचा रीतसर भाडेकरार, भाडे माफक पण नक्की. नफा निम्मा-निम्मा. पुतणीला पूर्णवेळ कामाचे दरमहा १२ हजार वेतन, आणि मैत्रीण पूर्णवेळ येईल त्या दिवसापासून तिलाही तेवढेच. बँकेच्या खात्यावर दोघींच्या सह्या. एका ठरावीक रकमेपुढील खरेदी दोघींच्या संमतीनेच. मतभेद न मिटल्यास दोघींना मान्य अशा त्रयस्थ लवादाकडे जायचे.

आणि सर्वांत नाजूक कलम, बाहेर पडण्याचे. जिला बाहेर पडायचे असेल तिने सहा महिन्यांची सूचना द्यावी, सनदी लेखापालाने हिस्सा ठरवावा आणि ती रक्कम बारा मासिक हप्त्यांत द्यावी. उत्पादनाचे नाव संस्थेचे, म्हणून व्यापारचिन्हाचा अर्जही संस्थेच्या नावाने, आणि जी व्यवसाय पुढे चालवेल तिच्याकडे ते नाव राहील. दोघींपैकी एकीचे काही बरेवाईट झाल्यास भागीदारी तेथेच संपते, कारण एकटीची भागीदारी असू शकत नाही. त्या प्रसंगी वारसांचा हिस्सा कसा मोजायचा व किती दिवसांत द्यायचा, तेही लिहिले.

"पोरींमध्ये कागद कशाला?"

मसुदा घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीचे वडील माझ्याकडे आले. सज्जन गृहस्थ. चहा घेतला, पण कपाळावरची आठी गेली नाही. म्हणाले, "साहेब, पोरी लहानपणापासून एका ताटात जेवल्या. त्यांच्यात हे कोर्टाचे कागद कशाला? आमच्यावर विश्वास नसेल तर तसं सांगा. आमची पोर बाजूला होईल."

मी त्यांना कायदा सांगितला नाही. अण्णांच्या दुकानाची हकिगत सांगितली. तात्या किती भले होते, हेही सांगितले. त्यांची आठवण काढून मी आजही हळहळतो, हे सांगताना माझाच कंठ दाटून आला. शेवटी म्हणालो, "या कागदात तुमच्या मुलीचा हिस्सा आहे, माझ्या पुतणीचाही आहे. उद्या मी नसेन, तुम्ही नसाल. तेव्हा या दोघींना एकमेकींच्या आठवणींवर भांडायची वेळ येऊ नये, म्हणून हा कागद."

ते बराच वेळ मसुदा वाचत बसले. मग त्यांनीच एक दुरुस्ती सुचवली. आजारपण वा बाळंतपणाच्या काळात काम थांबले तरी सहा महिने नफ्याचा वाटा कमी होऊ नये, असे कलम त्यांनी घालायला लावले. हे मला, इतकी वर्षे कर्जाची कागदपत्रे तपासूनही, सुचले नव्हते. मुलीच्या बापाला सुचले. मसुद्यातील सर्वांत चांगले कलम तेच, असे मी आजही मानतो.

नोंदणीचा क्रम

एवढे झाल्यावर नोंदणी खरोखरच सोपी झाली. वाचकांच्या सोयीसाठी क्रम देतो.

योग्य मुद्रांकावर करारनामा करून प्रथम संस्थेचा स्वतंत्र पॅन घ्यावा आणि भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदणी करावी. ही नोंदणी सक्तीची नाही, म्हणून अनेक जण टाळतात. परंतु कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून उद्भवलेल्या हक्कासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही. दुकानदाराने पैसे बुडवले, तर तुम्ही न्यायालयाच्या दारातूनच परत फिराल.

पॅन, करारनामा आणि नोंदणीचा दाखला हाती आला की बँकेत संस्थेचे चालू खाते उघडावे. एकल मालकी असेल तर व्यवसायाच्या नावाचे साधारणतः दोन दाखले बँक मागते. पहिल्या दिवसापासून धंद्याचा प्रत्येक रुपया याच खात्यातून फिरवावा. घरखर्चाचा पैसा आणि दुकानाचा पैसा एका पाकिटात ठेवणारा मनुष्य वर्षअखेरीस स्वतःलाच फसवतो.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा लागू आहे. कामगारसंख्या कमी असलेल्या लहान आस्थापनांनी नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना दिली तरी पुरते. व्यवसाय कराची नोंदणी मात्र विसरू नये. हा कर वर्षाला २,५०० रुपयांचा आहे आणि तो भरायचा राहिला की पुढे दंडासह आठवण येते.

मग उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार क्रमांकावर, स्वयंघोषणेने आणि पूर्णतः विनाशुल्क होते. शासकीय वाटावीत अशी बनावट संकेतस्थळे यासाठी पैसे उकळतात. माझ्या परिचयातील एका तरुणाने अशा ठिकाणी काही हजार रुपये भरले होते. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. सूक्ष्म व लघु उत्पादकांना २००६ च्या कायद्याचे मोठे संरक्षण आहे. खरेदीदाराने करारात काहीही लिहून घेतले तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते.

खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी अपरिहार्य होती. २०११ च्या नियमांनी वार्षिक १२ लाख उलाढालीपर्यंत नोंदणी आणि त्यापुढे परवाना अशी सीमा घातली. दोघींचा अंदाज २४ लाखांचा, म्हणून परवान्याचाच अर्ज केला. त्याचा चौदा अंकी क्रमांक प्रत्येक पुडीवर छापावा लागतो. पॅकबंद माल असल्याने वैधमापन विभागाकडेही नोंद करावी लागते. पुडीवर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगचा महिना व वर्ष, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. ते सुबक खोके यामुळे पुन्हा छापावे लागले. पहिल्या खोक्यावर फुले होती, वजन नव्हते.

वस्तू व सेवा कराबाबत दोघी निश्चिंत होत्या. केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे त्यांनी वाचले होते. मी विचारले, "पहिली मोठी मागणी कोणाची?" मैत्रीण म्हणाली, "चिकोडीच्या मावशीच्या दुकानाची." मी म्हणालो, "चिकोडी कर्नाटकात आहे." सांगली-कोल्हापूरकडील आपल्या माणसांना ही सीमा रोटी-बेटीच्या व्यवहारात जाणवत नाही, पण कराच्या कायद्याला ती जाणवते. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल, तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी आवश्यक ठरते. दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेली आपसमेळ योजनाही परराज्यात माल विकणाऱ्याला मिळत नाही. म्हणून नियमित नोंदणी घेतली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि त्यापुढील दहा अक्षरे संस्थेच्या पॅनची असतात. समोरच्याने दिलेला क्रमांक खरा आहे का, हे पाहण्याची पहिली खूण हीच.

शेवटी व्यापारचिन्ह. नावाचा अर्ज करण्यापूर्वी त्याच वर्गात तसेच नाव आधीपासून आहे का, हे शोधावे. दोघींचे मूळ नाव आधीच कोणाचे तरी निघाले. थोडे अश्रू आले, मग दुसरे नाव सापडले. पाटी रंगवल्यानंतर हे कळले असते तर अश्रू अधिक आले असते. व्यापारचिन्हाची नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते.

या मर्यादा आणि शुल्के शासन वेळोवेळी बदलते. तेव्हा प्रत्यक्ष अर्जाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पाहावे आणि एखाद्या जाणत्या सनदी लेखापालाचा सल्ला अवश्य घ्यावा. त्याची फी हा खर्च नसून विमा आहे.

मुहूर्त

या सर्वांत गुढीपाडवा निघून गेला. घरातील काही मंडळी हळहळली. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी मात्र मैत्रिणीचे वडील स्वतः पेढे घेऊन आले. अक्षय्य तृतीयेला आजोबांच्या खोलीवर पाटी लागली. यंत्राची कळ दाबली आणि पहिली पूड ताटात पडली, तेव्हा साऱ्या खोलीत ओल्या मातीसारखा हळदीचा वास पसरला. चिकोडीच्या मावशींना पहिले बिल गेले, त्यावर क्रमांक होता, कर होता आणि तारीखही होती.

समाजातील तरुण-तरुणी आज नोकरीच्या पलीकडे पाहत आहेत, ही समाधानाची बाब आहे. त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्या आई-वडिलांना, काका-मामांना माझी नम्र विनंती आहे. आपण त्यांना पैसा देतो, आशीर्वाद देतो, ओळखीही काढून देतो. त्याबरोबरच त्यांना शेजारी बसवून तो एक अवघड प्रश्न विचारावा, आणि मने निर्मळ आहेत तोवरच त्याचे उत्तर लिहून घ्यावे. मने दुखावल्यावर लिहिलेला कागद तडजोडीचा असतो. प्रेमात असताना लिहिलेला कागद प्रेमाचाच असतो.

तो करारनामा आता पुतणीच्या कपाटात एका पिवळ्या पाकिटात आहे. तो पुन्हा बाहेर काढण्याची वेळ कधी येऊ नये, अशी माझी सदिच्छा आहे. परवा दोघी हिशेबाची वही दाखवायला आल्या होत्या. पहिल्या पानावर माझ्या भावाच्या नावापुढे लिहिले होते, "कर्ज, ३ लाख." मी त्या ओळीवरून बोट फिरवले. आई असती तर तिलाही ती वाचून दाखवली असती.